वारसाचा रकाना

वेलांटीच्या वारसाचं नाव ‘राहू द्या’ आहे, हा शोध दादाच्या लेकीला लागला. रविवारची दुपार होती, चहाचे कप अजून टेबलावरच होते, आणि ती पेन्शन खात्याचं वार्षिक पत्रक बोट फिरवत वाचत होती.

“आत्या, हे काय आहे? वारसाचं नाव, राहू द्या. नातं, बहीण. हिस्सा, शंभर टक्के.”

दादाला हसू आवरेना. “उद्या म्हणतील, श्रीमती राहू द्या यांनी दोन फोटो घेऊन समक्ष हजर व्हावं.” लेकही हसली. वहिनी कप उचलता उचलता थांबली, पण हसली नाही. मग दादाचंही हसू उतरत गेलं, कारण पुढचा शब्द आता कुठे त्याच्या डोक्यात शिरला होता.

“बहीण?” तो म्हणाला. “बहीण कशी? वारस मी आहे ना?”

वेलांटीने पत्रक पुतणीच्या हातातून काढून घेतलं, त्याची घडी घातली आणि चष्मा काढून पुसायला लागली. चष्मा दादाच्या दुकानातलाच. खालच्या दुकानातून घरातल्या सगळ्यांना चष्मे फुकट मिळायचे, आणि दादा त्याचा उल्लेख कधीच करायचा नाही. फक्त समोरच्याची काच पुसलेली आहे का, एवढं बघायचा.

तिचं शाळेतलं नाव आता सेवापुस्तकातच काय ते उरलं होतं. वडिलांच्या दुकानाची नवी पाटी लागली तेव्हा ‘दृष्टी’ची वेलांटी चुकली म्हणून तिने पेंटरला पुन्हा शिडीवर चढवलं होतं. तेव्हा ती चौदा वर्षांची होती. त्या दिवसापासून ती घरात वेलांटी झाली, आणि पुढे पोटापाण्यालाही तेच आलं. सरकारी छापखान्यात बत्तीस वर्षं तिने प्रूफं वाचली. अर्ज, परिपत्रकं, पावत्या, सरकार जे जे छापतं ते सगळं तिच्या लाल पेनाखालून गेलं. त्यातली पहिली अकरा वर्षं रोजंदारीवर गेली. ती कायम झाली तेव्हा जुनी पेन्शन बंद होऊन आठ महिने झाले होते. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना शेवटच्या पगाराच्या निम्मी पेन्शन घरबसल्या मिळणार होती आणि वेलांटीला मिळणार होती नवी योजना. आठ महिन्यांनी माणसाचं काय काय हुकतं, याचा हिशोब करायचं तिने केव्हाच सोडून दिलं होतं.

आता नोकरीचे नऊ दिवस उरले होते. क्वार्टर तीन महिन्यांत रिकामं करायचं होतं. आणि उद्या, सोमवारी, पेन्शनचा फॉर्म ऑफिसात द्यायचा होता. नाही दिला तर पुढचं सगळं अडणार होतं. त्यासाठीच दादाने तिला जेवायला बोलावलं होतं. पुतणी विमा कंपनीत होती, तिला यातलं कळत होतं.

“सोपं आहे, आत्या,” पुतणीने दोन बिस्किटं बशीत ठेवली. “इतकी वर्षं तुझ्या पगारातून दहावा हिस्सा कापला गेला. सरकारने त्यात आपला हिस्सा घातला. फंडवाल्यांनी ते पैसे बाजारात गुंतवले, वाढले, मधे पडले, परत वाढले. आता जे जमलंय त्यातले साठ टक्के तुझ्या हातात. हे मोठं बिस्किट. उरलेल्या चाळीस टक्क्यांना हात लावता येत नाही. त्याची विमा कंपनीकडून वार्षिकी घ्यायची, आणि ती कंपनी तुला मरेपर्यंत दरमहा पैसे देणार.”

“दरमहा देतात तर वार्षिकी कसली? मासिकी म्हणा.”

“आत्या.”

“या फॉर्मचं प्रूफ मीच वाचलंय. समासात तसं लिहूनही पाठवलं होतं. वरून उत्तर आलं, मूळ मजकुराप्रमाणे ठेवावे.”

“आता वार्षिकीत पर्याय आहेत,” पुतणी नेटाने पुढे गेली. “पहिला, तुला महिन्याला आठ हजार चारशे. पण तू गेलीस की संपलं. मूळ रक्कम कंपनीची. दुसरा, महिन्याला सहा हजार सातशे. पण तू गेल्यावर मूळ रक्कम वारसाला परत. नवऱ्यासाठी पण एक आहे, तो तुला लागू नाही.”

“तो सोड,” वेलांटी म्हणाली.

“यात विचार करण्यासारखं काय आहे?” दादा म्हणाला. “दुसराच. सतराशेसाठी घरचे पैसे कंपनीच्या घशात घालायचे का? हिला खर्च तरी किती? क्वार्टर सोडलं की वरच्या खोलीत येऊन राहायचं. भाडं नाही, काही नाही. साठ टक्क्यांतले थोडे मी दुकानात लावतो, बँकेपेक्षा जास्त व्याज देतो. आणि वारस म्हणून आपल्या चिरंजीवांचं नाव घाल. मी काय, मी हिच्याआधीच जाणार.”

“बाबांचं बरोबर आहे, आत्या,” पुतणी म्हणाली. “रक्कम घरातच राहील.”

वेलांटीने मान हलवली. तशी ती कशालाही हलवायची. दादा वाईट नव्हता, हे तिला पक्कं माहीत होतं. आईच्या आजारपणात निम्मी औषधं त्यानेच आणली होती. फक्त त्याच्या डोक्यातल्या प्रत्येक योजनेत बाकीच्यांच्या जागा आधीच ठरलेल्या असायच्या, आणि आपली जागा कुठे आहे ते माणसाला सगळ्यात शेवटी कळायचं.

“पण हे ‘राहू द्या’ आलं कुठून?” पुतणीला ते सोडवेना. “टायपिस्ट इतका येडा असेल?”

“येडा नव्हता. जे दिसलं ते त्याने मारलं.” वेलांटीने चष्मा परत घातला. “नऊ वर्षांपूर्वी सगळ्यांचे कागद कॉम्प्युटरवर चढवले. तेव्हा वारसाचा फॉर्म नव्याने भरून घेतला. मी एक नाव लिहिलं. मग खोडलं. मग तीन दिवसांनी वाटलं, खोडायला नको होतं. प्रूफात एखादा शब्द चुकून खोडला गेला, तर त्याच्याखाली टिंबं देतात आणि समासात लिहितात, राहू द्या. म्हणजे खोडलेलं खोडलं नाही असं समजा. आमच्याकडे कुणालाही कळलं असतं. मी तेच केलं.”

“नवा फॉर्म घ्यायचा ना.”

“कारण सांगावं लागलं असतं.”

पुतणीने पत्रकावरची तारीख पाहिली. “आत्या, हे पत्रक दरवर्षी येतं. तू कधी बघितलंच नाहीस? तू?”

“बघितलं.”

“दरवर्षी?”

“दरवर्षी.”

आता कुणी हसलं नाही. दादाने खुर्ची मागे सरकवली. खोडलेलं नाव कोणाचं, ते त्या घरात विचारायची गरज नव्हती. वेलांटीला बहीण एकच. छोटी.

छोटी तिच्याहून अकरा वर्षांनी लहान. आई गेल्यावर दोघी क्वार्टरमध्ये एकत्र राहायच्या. वेलांटी घरी प्रूफं आणायची आणि छोटी मूळ कागद हातात धरून मोठ्याने वाचायची, छापखान्यात वाचतात तसं विरामचिन्हांसकट. ‘अर्जदाराने, स्वल्पविराम, खालील माहिती भरावी, पूर्णविराम.’ दोन-दोन तास त्यांचं असं चालायचं, आणि शेजारच्यांना वाटायचं या भांडताहेत. स्वतः लिहायला बसली की मात्र छोटीचं शुद्धलेखन रामभरोसे असायचं. मग चाळिसाव्या वर्षी तिने एका बिजवराशी, ट्रकच्या गॅरेजवाल्याशी, लग्न केलं आणि दुसऱ्या गावाला गेली. समोरासमोर सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून चार पानी पत्र लिहून ठेवलं.

“त्या बाईला?” दादा म्हणाला. “नऊ वर्षांत एक फोन नाही. तुझ्या आजारपणात कोण धावलं? मी धावलो. हॉस्पिटलच्या बाकावर दोन रात्री मी बसलो. आणि कागदावर नाव तिचं?”

“तू धावलास. मी कधी नाही म्हटलंय?”

“मग?”

उत्तर आलं ते स्वयंपाकघराच्या दारातून.

“तिने फोन का करावा?” वहिनी हात पुसत म्हणाली. “तिचं पत्र वन्संनी लाल पेनाने तपासून परत पाठवलं. एक ओळ स्वतःची लिहिली नाही. नुसत्या चुका.”

दादा आधी बायकोकडे बघत राहिला, मग बहिणीकडे. “तपासून?”

“अकरा होत्या,” वेलांटी म्हणाली. बोलून गेल्यावर तिची तिलाच लाज वाटली. त्या रात्री तिने पत्र तीनदा वाचलं होतं आणि तिन्ही वेळा डोळे आपोआप चुकांवरच गेले होते. ‘तुझी आठवन येईल’ असं लिहिलं होतं. तिने ‘न’चा ‘ण’ केला आणि पुढे गेली. दुसऱ्या दिवशी पाकीट टपालात टाकलं, त्याच संध्याकाळी फॉर्मवरचं नाव खोडलं. तीन दिवसांनी नावाखाली टिंबं दिली, पण टपालात गेलेल्या पत्राखाली टिंबं कशी द्यायची ते तिला उमगलं नाही.

“तुला हे कसं माहीत?” दादाने बायकोला विचारलं.

“तिचा फोन येतो मला.”

“कधीपासून?”

“पहिल्यापासून.” वहिनीचा आवाज चढला नाही. “तुम्ही दुकानात असता तेव्हा. आणि आता विषय निघालाच आहे तर सांगते. वरच्या खोलीत काचा घासायचं मशीन येणार आहे. तुम्ही अॅडव्हान्स देऊन बसलाय. यांना कुठे झोपवणार, मशीनखाली?”

“मशीन काय, दिवसा चालेल,” दादा पुटपुटला. “मी काय वाईट विचार केलाय का?”

“वाईट नाही. पण यांच्या पैशाचं मशीन आणि यांचीच खोली.”

पुतणीने बशीतलं मोठं बिस्किट उचलून परत डब्यात टाकलं. “बाबा, हे मला नव्हतं सांगितलं तुम्ही.” मग ती आत्याकडे वळली. “तसं असेल तर पहिला पर्याय घे. भाड्याची खोली घ्यावी लागणार, सतराशे लागतीलच तुला.”

दहा मिनिटांपूर्वी बापलेक एका बाजूला होते. आता दादा एकटा पडला होता आणि खिडकीबाहेर बघत कानशील खाजवत होता. वेलांटीला त्याची दया आली. एकटं पडल्यावर बसायचं कसं, हे त्याला सवयीचं नव्हतं.

“पण कुठलाही पर्याय घेतला तरी हा रकाना दुरुस्त करावाच लागेल, आत्या. ‘राहू द्या’च्या नावाने फॉर्म पुढे जाणार नाही,” पुतणी म्हणाली. “नाव, जन्मतारीख, ओळखपत्राचा नंबर. कोणाचं नाव घालायचं ते तू ठरव.”

वहिनीने काही न विचारता वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर एक फोन नंबर लिहिला. पाठ होता तिला. कोपरा फाडून तिने वेलांटीसमोर ठेवला.

“खाली जाऊन करा,” ती म्हणाली. “दुकान बंद आहे.”

दुकानात एकच दिवा होता, डोळे तपासायच्या खुर्चीच्या वरचा. वेलांटी त्या खुर्चीत बसली. समोर अक्षरांचा तक्ता होता. वरचं एकच मोठं अक्षर, मग दोन, मग चार, आणि खालची ओळ इतकी बारीक की तिथे लोक अंदाजाने बोलतात. सवयीने तिने तक्ता वरून खालपर्यंत वाचला. त्यात चूक नव्हती. मग तिने नंबर लावला.

“बोला वहिनी,” पलीकडून आवाज आला.

“मी आहे.”

पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता, तो बंद झाला. “दादा बरा आहे ना?”

“बरा आहे. सगळे बरे आहेत. मी रिटायर होतेय.”

“कळलं. वहिनी म्हणाली.”

“तुझ्या ओळखपत्राचा नंबर हवा होता. वारस म्हणून लिहायचा आहे.”

“मला?” छोटी थांबली. “तू तर माझं नाव खोडलं असशील तेव्हाच.”

“खोडलं होतं. मग राहू द्या लिहिलं. टिंबं दिली खाली.”

“कधी?”

“तेव्हाच. तीन दिवसांनी.”

“मला नाही कळवलंस.”

“ऑफिसला कळवलं होतं.”

पलीकडे छोटी हसली की काय, ते वेलांटीला नीट कळलं नाही. श्वासाचा आवाज आला फक्त. नऊ वर्षांत काय बोलायचं ते वेलांटीने अनेकदा मनात जुळवलं होतं, आणि आता त्यातला एक शब्द जागेवर नव्हता.

“किती होत्या गं चुका?” छोटीने विचारलं.

“जाऊ दे ना ते.”

“सांग की. अकरा ना? मी मोजल्या होत्या. पत्र परत आलं ना, त्या दिवशी मोजत बसले होते.” तिचा आवाज शांत होता. “बारा होत्या, ताई. एक तुझ्या हातून सुटली.”

“सुटली?” वेलांटी खुर्चीत पुढे सरकली. बत्तीस वर्षांत तिच्या हातून सुटलेल्या चुका बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, आणि त्यातली प्रत्येक तिला तारखेसह आठवत होती. “कुठली?”

“शेवटच्या पानावर. ‘घर लागलं की तू माझ्याकडे राहायला येशील.’ त्याच्यापुढे मी पूर्णविराम दिला होता. तिथे प्रश्नचिन्ह हवं होतं.”

वेलांटीला ते वाक्य आठवलं. पान आठवलं, शाई आठवली. त्या रात्री तिला तो हुकूम वाटला होता. सगळं परस्पर ठरवून टाकलं, आता माझंही ठरवते, असं वाटून त्याच वाक्याने तिचं डोकं फिरलं होतं. वाक्य शुद्ध होतं. म्हणून तिने तिथे लाल पेन लावलंच नव्हतं.

“मी विचारत होते, ताई. तुला कळलंच नाही मी विचारत होते ते.”

“नाही कळलं,” वेलांटी म्हणाली. “आणि आता?”

विचारल्यावर तिला वाटलं, नको होतं विचारायला. पण शब्द गेला होता आणि समोर समास नव्हता.

“आता यांची आई असते इथे,” छोटी म्हणाली. “अंथरुणातच आहे. दोनच खोल्या आहेत आमच्या. एक तिला दिलीय. तेव्हा होती गं जागा. तीन वर्षं ती खोली मी रिकामी ठेवली होती.”

“बरं.”

“रागावलीस?”

“नाही गं. मी आपलं विचारलं. मी खोली बघतेय इथेच.”

“नंबर घेतेस ना लिहून?” छोटी म्हणाली, आणि मग ती पूर्वी क्वार्टरमध्ये मूळ कागद वाचायची तसं वाचायला लागली. एकेक आकडा सुटा, प्रत्येक चार आकड्यांनंतर थांबून. मग जन्मतारीख. मग नाव. “नावात एक घोळ आहे हं. ओळखपत्रावर पहिली वेलांटी पडलीय, हवी दुसरी. दोन खेपा घातल्या मी, नाही झालं दुरुस्त. तसंच लिहावं लागेल तुला, नाहीतर जुळणार नाही.”

“लिहीन.”

“ताई.”

“काय?”

“भेटायला येशील, प्रश्नचिन्ह.”

वेलांटीने हो म्हटलं. फोन ठेवल्यावर ती थोडा वेळ त्याच खुर्चीत बसून राहिली. वर दादाच्या चपलांचा आवाज इकडून तिकडे जात होता. भेटायला जायचं म्हणजे सकाळी निघायचं आणि संध्याकाळी परत यायचं, एवढं तिला कळत होतं. तक्त्याची खालची ओळ तिला आता दिसत नव्हती. तिने डोळे पुसले, दिवा बंद केला आणि वर गेली.

वर टेबल आवरून ठेवलेलं होतं. फॉर्म मधोमध होता. दादा तिच्याकडे बघून म्हणाला, “काच पुस,” आणि खिशातला रुमाल पुढे केला.

तिने फॉर्म ओढला आणि पहिल्या पर्यायासमोर खूण केली. आठ हजार चारशे, हयात असेपर्यंत. दादाने ती खूण पाहिली आणि मान दुसरीकडे वळवली. मग ती वारसाच्या रकान्यावर आली आणि कागदाच्या तुकड्यावरून नाव उतरवायला लागली. वेलांटीपाशी तिचा हात अडला. आयुष्यात तिने कधी चूक दिसत असताना तशीच लिहिली नव्हती. तिने पहिलीच वेलांटी दिली, जशी ओळखपत्रावर होती तशी, आणि पुढचं अक्षर लिहिलं.

पुतणी तिच्या खांद्यावरून बघत होती. तिने हळूच आत्याच्या हातावर हात ठेवला.

“आत्या, उगाच त्रास घेतेयस. पहिला पर्याय घेतलास ना तू? तुझ्यामागे त्यातलं काहीच उरत नाही. कुणालाच काही मिळत नाही. त्यांना नुसता रकाना भरलेला लागतो. बाबांचं घातलं तरी चालेल, निदान वेलांटी तरी शुद्ध येईल.”

वेलांटीने नाव पूर्ण केलं. नात्याच्या जागी ‘बहीण’ लिहिलं. पेनाचं टोपण लावलं.

“राहू दे,” ती म्हणाली.